गंजाची चव

"गुन्ह्याचा माग काढणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पण गुन्हा आणि गंज, दोन्हींचा माग काढणारा मी एकटाच," असं रेणुकादासराव स्वतःबद्दल सांगत. ऐकायला कोणी नसलं तर दाढी करताना आरशाला सांगत. लातुरातल्या त्यांच्या घराच्या फाटकावर पाटीच होती : 'गुप्त चौकशी, शोधकार्य, जुन्या अवजारांचं वय काढून मिळेल.' तिच्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, 'छत्र्या दुरुस्त होतात का?' लताबाईंनी ते मुद्दाम पुसलं नव्हतं.

लताबाई म्हणजे रेणुकादासरावांच्या पत्नी आणि बिनपगारी सहायक. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी तिसरीच्या वर्गावर काढली होती. सातातून नऊ जात नाहीत, म्हणून शेजारच्या घरातून हातचा घ्यायचा, हे त्यांनी शेकडो मुलांना न चिडता शिकवलं होतं. नवऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांनी हात टेकले होते. तिथं शेजारच्या घरातही शून्यच होतं.

अवजाराचं वय काढायची रेणुकादासरावांची पद्धत अशी. गंज नखानं खरवडायचा, जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. तुरट लागला तर इंग्रजांचा काळ, आंबट लागला तर निजामाचा, आणि काहीच लागलं नाही तर माल कालचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, बागेत जातात. हे भंगाराच्या दुकानात जाऊन लोखंड चाटत. धनुर्वाताच्या इंजेक्शनाची आठवण लताबाई ठेवत.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी शिवशंकरअप्पा धापा टाकत आले.

"साहेब, घात झाला. माझा पाना गेला!"

या अप्पांची ओळख करून द्यायला हवी. भूकंपाच्या वर्षी त्यांनी पत्र्याचे शेड उभारायचे मक्ते घेतले होते. सगळा जिल्हा घराबाहेर झोपत होता तेव्हा अप्पांना मात्र पत्रे मोजता मोजता झोप लागत नव्हती. पुढं लातुरात शिकवण्यांचा हंगाम आला, गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला येऊ लागली, आणि अप्पांकडं उरलेल्या पत्र्यांच्या खोल्या झाल्या. एका खोलीत चार मुली. मग पैसा अंगावर मावेना, तेव्हा अप्पांना जुन्या मेकॅनिकी अवजारांचा छंद लागला. पाने, पकडी, हातोडे, ग्रीसच्या पिचकाऱ्या, सगळं काचेच्या कपाटात मखमलीवर झोपलेलं. मुलींना गादी स्वतःची आणावी लागे.

गेला होता तो कपाटातला मुकुटमणी. मुदखेड जंक्शनजवळच्या भंगारवाल्याकडून आणलेला स्क्रू पाना, भंगारवाल्याच्या शब्दावर निजामाच्या रेल्वेतला. रेणुकादासरावांनी तो स्वतः चाटून कार्ड लिहिलं होतं : 'इ. स. १८९६ ते १९०४, बहुधा पावसाळ्यात. हात लावू नये.' कार्ड जागेवर होतं. पाना नव्हता.

"शेवटचा कधी पाहिलात?" रेणुकादासरावांनी विचारलं.

"दसऱ्याला हळदीकुंकू वाहिलं तवा. लई जीव हाय माझा त्याच्यावर."

दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत ज्याच्याकडं बघितलं नाही त्याच्यावर लई जीव. लताबाईंनी चहा ठेवला.

"संशय कुणावर?"

"पुनमवर. ती इस्लापूरची पोरगी. पावसाळ्यात एकदा दारातून डोकावली अन् म्हनली, अप्पा, असा पाना आमच्या बापूंकडं बी हाय, ते बोअरच्या मोटारी खोलतात त्यानं. माझ्या निजामाला बोअरची मोटार! रविवारपर्यंत पाना आला न्हाई तर वळकटी उचल म्हनलंय तिला."

लताबाईंचा हात साखरेच्या डब्यातच राहिला. बारावीची परीक्षा दोन आठवड्यांवर होती. या दिवसांत लातुरात खोली मिळणं सोडा, जिन्याखालचा कोपराही कुणी सोडत नव्हतं. इस्लापूर तर जिल्ह्याबाहेर, पार किनवटकडं. पोर परीक्षा द्यायची कुठून?

"अहो, मीही येते," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी रेणुकादासरावांनी हैदराबादची टोळी पकडली. म्हणजे बांगड्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मागं गंजगोलाईच्या गोल बाजाराला दोन वेढे घातले. तिसऱ्या वेढ्याला म्हातारा थांबला आणि म्हणाला, "साहेब, बायकोचं माप ठाऊक हाय का?" हे परत आले ते हिरव्या बांगड्या घेऊन. लताबाईंना घट्ट होत्या.

दुसऱ्या दिवशी भूकंपाचा सिद्धांत निघाला. बारीकसा धक्का बसला असेल आणि पाना घरंगळत गेला असेल. ते पडताळायला कपाटात पाण्याचा पेला ठेवला. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला, पेला हलला, आणि रेणुकादासराव "हलतंय! हलतंय!" करत अंगणात पळाले. खोल्यांतल्या मुली पुस्तकं टाकून बाहेर आल्या. एकीच्या पायात चप्पल नव्हती. दुसरी थरथरत होती.

लताबाई नवऱ्याजवळ गेल्या आणि वर्गात कधी न काढलेल्या आवाजात म्हणाल्या, "त्या रात्री या मुली आठ-नऊ वर्षांच्या होत्या. पुन्हा हा शब्द काढलात तर तो पेला तुमच्या डोक्यावर ओतीन."

भूकंप मागं पडला. तिसऱ्या दिवशी पुनमची चौकशी झाली. ओसरीवर रेणुकादासराव खुर्चीत, अप्पा खांबाला टेकून, पुनम उभी. हडकुळी, दोन वेण्या, डोळ्यांत झोप.

"हात दाखव."

तिनं दाखवले. बोटं निळी होती.

"ग्रीस!"

"शाई हाय काका. पेन गळून राहिला."

"निळं ग्रीस परदेशी असतं. लता, लिहून घे."

लताबाईंनी लिहून घेतलं : रवा, काडेपेटी, साबण.

"वडील बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात?"

"हाव. शेतीबी करतात."

"म्हणजे पाना घराण्यातच आहे! बरं, पाना कुठं आहे हे तुला ठाऊक आहे की नाही?"

पुनम नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. खिडकीतून पाहणाऱ्या मुलींनी एकदम माना खाली घातल्या. लताबाईंच्या ते बरोबर ध्यानात आलं. फळ्यावर बाईंचं चित्र कुणी काढलं असं विचारलं की सगळा वर्ग असाच एकदम आपली नखं बघू लागतो. ही चोरी नव्हती. हे एकमतानं ठरलेलं गुपित होतं.

कपाटातल्या अवजारांचा गंज खरवडून रेणुकादासरावांचे हात रोज तांबडे होत. हात धुवायला ते खोल्यांच्या मागच्या नळावर जात. या नळाची मूठ अप्पांनी काढून घेतली होती, मुली पाणी सांडतात म्हणून. सकाळी ते स्वतः पकडीनं नळ उघडून एक पिंप भरून देत. ते पिंप बारा जणींनी दिवसभर पुरवायचं. अप्पा पुन्हा तिकडं फिरकत नसत. पण रेणुकादासराव गेले की कुणीतरी मुलगी पिंपामागून एक पाना काढी, उघड्या दांड्याला लावी, आणि नळ सुरू होई.

"लता, हे बघ," चौथ्या दिवशी ते तो पाना हातात घेऊन म्हणाले. त्यांना शिकवायची फार हौस. "खरा कसा असतो ते कळायला आधी खोटा बघावा. हा बघ. गंजाचा ठिपका नाही. आरशासारखा लखलखीत." त्यांनी तो चाटला. "चव पाण्याची. दिल्लीच्या फुटपाथवरचा, परवाचा माल."

"बरं," लताबाई म्हणाल्या. बादली धरलेल्या मुलीला ठसका लागला.

रविवार उजाडला. पुनमची वळकटी आणि पत्र्याची पेटी अंगणात आली. रेणुकादासरावांनी सगळ्यांना उभं केलं, कोट घातला आणि घसा साफ केला.

"मित्रहो, गुन्हेगार आपल्यातच आहे. तिनं पान्याचा अपमान केला. नंतर पाना नाहीसा झाला. अपमानित पाना आपण होऊन जात नाही—"

फाटक वाजलं. निलंग्याच्या एसटीतून उतरलेल्या नीलम्मा आत आल्या. अप्पांच्या या पत्नी भाचीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. डोक्यावर गाठोडं, पायांवर धूळ. त्यांनी जमलेल्या मंडळींकडं एकदा पाहिलं आणि नवरा घरात असला की असंच काहीतरी असायचं, अशा चेहऱ्यानं सरळ मागच्या नळाकडं गेल्या. पाणी वाजलं.

अप्पांनी कान टवकारले. यावेळी पाणी? ते धावले, पाठोपाठ सगळे.

"अगं, हे काय हाय?"

"अय्यो, पाना हाय. पाय तर धुऊ द्या."

"कुठला पाना?"

"कपाटातला. दिवाळीला मीच घेतला."

"माझा निजामाचा पाना! नळाला!"

नीलम्मांनी दुसरा पाय पुढं केला. "नळाची पितळी मूठ कुनी काढली? तुमी. निस्ती ह्याची न्हाई, साऱ्या खोल्यांच्या मुठी. मुदखेडच्या भंगारवाल्याला त्या देऊन हा पाना कुनी आनला? तुमीच. मुठी देऊन पाना घेतला, तर मुठीचं काम पान्यानं करायचं न्हाई तर कुनी? मी दातानं उघडू नळ?"

अप्पांनी मग धरायला दुसरं कुणीतरी शोधलं. "साहेब, ह्यानंच हात धूत व्हता तुमी? रोज? अन् वळखला न्हाई?"

"ओळखणार कसा?" रेणुकादासराव तिळभरही ढळले नाहीत. "बारा मुलींनी चार महिने हाताळून त्याचं सगळं वय पुसून टाकलंय. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे."

लताबाई पुनमच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "तुला ठाऊक होतं ना गं?"

"हाव काकू. सगळ्यांनाच. सांगितलं असतं तर अप्पा पाना घेऊन गेले असते. मंग परीक्षेपर्यंत एका पिंपात बारा जणी. नीलम्मा काकू रविवारी येणार होत्या, तवर गप बसायचं ठरलं होतं."

"आणि एसटी चुकली असती म्हणजे?"

पुनमनं वळकटीकडं पाहिलं. "तरी पाणी चालू राहिलं असतं ना बाकीच्यांचं."

नीलम्मा अप्पांकडं वळल्या. "अवो, बघत काय बसलाव? पेटी उचला पोरीची. आत न्हेऊन ठेवा." अप्पांनी पेटी उचलली. तीत पुस्तकं होती, चांगली जड होती. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. वळकटीलाही दुसरी खेप केली, तेवढंच.

मात्र हार मानायची सवय अप्पांना नव्हती. संध्याकाळी त्यांनी कपाटातलं कार्ड आणून सुतळीनं नळावर टांगलं : 'इ. स. १८९६ ते १९०४, बहुधा पावसाळ्यात. हात लावू नये.' खाली मुलींची रांग, प्रत्येकीच्या हातात बादली, आणि पाना या हातातून त्या हातात.

लताबाईंनी पिशवीतून लाल पेन काढलं. 'लावू नये' वर काट मारली आणि पुढं वळणदार अक्षरात लिहिलं, 'धुवावेत. मग नळ नीट बंद करावा.' सालांखाली एक भलंमोठं शून्य काढलं.

रेणुकादासराव मागून वाकून बघत होते. "दहापैकी शून्य? अगं, काहीतरी दे. रोज चाटलाय मी."

लताबाईंनी थोडा विचार केला आणि शून्याआधी एक छोटासा लाल शब्द लिहिला.

"हे काय?"

"'फक्त'," लताबाई म्हणाल्या, आणि पुनमची बादली भरेपर्यंत त्यांनी पाना धरून ठेवला.