आबांनी न पाहिलेले शेवट

आमच्या आबांनी गुप्तहेरांचे पिक्चर पाहिले असतील शंभरेक, पण त्यातल्या एकाचाही शेवट पाहिला नाही. आणि प्रत्येकाचा शेवट त्यांना तोंडपाठ होता.

हे कसं, ते सांगतो. रंगनाथ आबा साखर कारखान्यात काटा कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन घ्यायचं, रिकामी होऊन आली की रिकामं घ्यायचं, एकातून दुसरं वजा करून निव्वळ लिहायचं. पस्तीस वर्षं हेच केलं. हंगामात त्यांना मान वर करायला फुरसत नसे. गाळप बंद झालं, की मात्र दर रविवारी देवळाली प्रवऱ्याहून एस.टी.नं नगर गाठायचं आणि साडेतीनचा खेळ बघायचा. आमच्याकडे मुक्कामाला येणारी गाडी नगरच्या स्टँडवरून पावणेसहाला सुटे. ती चुकली तर स्टँडवरच झोपायचं. त्यामुळे साडेपाच वाजले की पडद्यावर काहीही चाललेलं असो, आबा उठत. हेर विमानाला लोंबकळत असायचा आणि आबा लोकांच्या पायांवरून "सरका, सरका" करत बाहेर.

उरलेला पिक्चर ते गाडीत पुरा करत. विळदचा घाट उतरेपर्यंत हेराची सुटका, राहुरीपर्यंत खलनायकाचा बंदोबस्त, आणि आबा देवळालीच्या चौकात उतरत तेव्हा सगळा निकाल लागलेला असे.

मला ही मंडळी भेटली बारा वर्षांपूर्वी, इथल्या शाळेत हेडक्लार्क म्हणून आलो तेव्हा. मंडळी म्हणजे दोघंच. आबा, आणि युनूसभाई टेलर. युनूसभाईंच्या दुकानात रविवारी सकाळी बैठक बसायची. मी पँटची उंची कमी करायला गेलो होतो, तो कायमचा बसलो. विषय एकच, जुने पिक्चर. त्यातही हेरांचे. नावं कुणी घ्यायचं नाही. आबांना इंग्रजी नावं उच्चारता येत नसत, म्हणून सगळ्यांनीच सोडली होती. 'बर्फातल्या शिडीचा', 'काचेच्या डोळ्याचा', 'दोन छत्र्यांचा' असं म्हटलं की तिघांना कळायचं.

आबांची परीक्षा कडक. "ह्ये बघा भाऊसाहेब," ते म्हणायचे, "पिक्चर म्हंजे भरलेली गाडी. गानी वजा करा. हेलिकापटर वजा करा. ती पव्हनारी बाई वजा करा. आता सांगा, निव्वळ किती?"

"आबा, बाई वजा केली तर मी तिकीट कशाला काढू?" युनूसभाई मशीन थांबवून विचारायचे.

युनूसभाईंचं स्वतःचं शास्त्र वेगळं. ते हेराचा कोट बघायचे. "पिस्तूल डाव्या काखेत ठेवायचं तर तिथं दीड बोट ढिलं सोडावं लागतं. याचा कोट चापून बसलाय. म्हणजे पिस्तूल नाहीच. डायरेक्टरनं शिंप्याला विचारलं नाही, दुसरं काय." एका गाजलेल्या पिक्चरला त्यांनी फक्त कॉलरवरून नापास केलं होतं.

"आबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही, मग गोष्ट कळायची कशी?" मी एकदा विचारलं.

"बोलनं कशाला कळाया पायजे? मानूस खोटं बोलतोय ह्ये कळलं की झालं. काट्यावर गाडीवाल्यांची तोंडं बघितलीत मी. उसाच्या पाचटात दगड घालून आनलेला मानूस लई गोड हसतो. त्या दोन छत्र्यांच्यातला टोपीवाला साहेब तसाच हसला. मी म्हनलो, ह्यो फितूर. निघाला का न्हाई?"

निघाला होता खरा.

आणि मग शेवट. आबांच्या शेवटात हेर कुठलाही असो, लंडनचा, मॉस्कोचा, मुंबईचा, तो सगळ्यांना चुकवून निघायचा, गाडीतून उतरायचा, चालत घरी यायचा आणि कडी वाजवायचा. कुणीतरी दार उघडायचं. तो म्हणायचा, "पानी आन." तांब्याभर पाणी पिऊन उंबऱ्यावर बसायचा. खेळ खलास.

"मॉस्कोत तांब्या?" मी विचारायचो.

"मग काय ओंजळीनं पितो?"

मी हसायचो. युनूसभाई हसायचे नाहीत, पण ते मला नंतर आठवलं.

आता मुद्द्याचं. हे लिहायचं मी तीन महिने टाळलं.

'धुक्यातल्या पुलाचा' म्हणून एक पिक्चर आहे. तो मी कॉलेजात असताना पुण्यात पाहिलेला, शेवटापर्यंत. त्यात दोन देशांच्या मधल्या पुलावर हेराला गोळी लागते आणि पलीकडच्या काठाला त्याची बायको उभी असते, तिला धुक्यात काही दिसत नाही. एका रविवारी मी हे सांगितलं. आबांनी मान हलवली.

"भाऊसाहेब, तुमी झोपला असाल."

"आबा, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"गोळी टोपीला लागती. टोपी पान्यात पडती. लोकांना वाटतं मेला. मानूस घरी जातो."

"तुम्ही तर पावणेसहाची गाडी धरायला उठला होता."

"म्हनून काय झालं? न बघता कळतं की."

युनूसभाई म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब, हरलात." आणि दुकानात कपडे टाकायला आलेली दोन माणसंही हसली.

वास्तविक यात काही नव्हतं. पण मी चोपन्न वर्षांचा आहे. शाळेत हेडमास्तर माझी टिपणी न वाचता परत पाठवतात. घरी बायको आणि मुलगी काय ते ठरवून मला कळवतात. मी बोलत नाही. बोलत नाही म्हणून लोक मला शांत समजतात. आत काय काय साचतं ते मलाही ठाऊक नसतं. त्या दिवशी एवढंच वाटलं, की एका तरी ठिकाणी आपण बरोबर निघावं. आठवडाभर मोबाईलमध्ये शोधलं आणि पिक्चर सापडला. अख्खा.

पुढच्या रविवारी आबांचा गुडघा धरला होता, म्हणून बैठक त्यांच्या घरी. पडवीत खाट, खाटेवर आबा, शेजारी युनूसभाई. दाराशी सुभद्राकाकू सुपात बाजरी निवडत बसलेल्या. काकू आमच्या बोलण्यात कधी पडत नसत, पण आबा गोष्ट सांगायला लागले की त्यांचा हात थांबायचा, एवढं मी पाहिलेलं होतं.

मी मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. "आबा, शेवटची पंधरा मिनिटं. बघाच."

"कशाला आता," आबा म्हणाले.

तेव्हा थांबायला हवं होतं. त्यांच्या आवाजात विनंती होती आणि ती मला कळली होती. ती कळूनही मी लावला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पूल आला. धुकं आलं. काकू सूप खाली ठेवून जवळ येऊन बसल्या. गोळी सुटली. टोपी पडली, आणि टोपीपाठोपाठ माणूसही पडला. मग बराच वेळ ती पलीकडची बाई नुसती उभी.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी त्यो मागारी येत न्हाई?"

माझ्या तोंडावर अजून जिंकल्याचं हसू होतं. ते पुसायलाही मला वेळ लागला.

"बरोबर हाय भाऊसाहेबांचं," आबा म्हणाले. "मीच चुकलो." आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

बाहेर आल्यावर युनूसभाईंनी चप्पल घालता घालता मला सुनावलं. "तुम्हाला त्यांच्या पोराचं ठाऊक नाही?"

मुलगा बाहेर असतो एवढं माहीत होतं. कुठे, ते मी बारा वर्षांत विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं विचारू नये, याला मी सभ्यपणा म्हणत आलो.

"बाहेर म्हणजे घर सोडून गेलाय. तेवीस वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. पूर्वी आबांच्या शेवटात काय मारामारी असायची! खलनायक चुन्याच्या भट्टीत पडायचा, विहिरीत पडायचा. हेर घरी यायला लागले ते पोरगं गेल्यापासून. मी कशाला टोकू?"

त्यानंतर आबा दुकानात आले नाहीत. गुडघा बरा झाला, दळण घेऊन जाताना दिसायचे, पण दुकानावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं. युनूसभाई मशीन चालवत बसायचे. मी एकदा 'दोन छत्र्यां'चा विषय काढला. ते म्हणाले, "भाऊसाहेब, गिऱ्हाईक आहे." दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

सहाव्या रविवारी मी आबांच्या घरी गेलो. आबा मागं गोठ्यात होते. काकूंनी बसायला पाट दिला, पडवीतल्या चुलीवर चहा टाकला.

"काकू, माझं चुकलं. मी तो पिक्चर दाखवायला नको होता."

"मला काय त्याचं," त्या चुलीकडं बघत म्हणाल्या. "ते शेवट ह्यांचेच हायती, ह्ये मला कळत न्हाई व्हय? गोरा साहेब कडी वाजवून तांब्याभर पानी मागतो! मी काय येवढी खुळी हाय?"

"मग तुम्ही ऐकत होता..."

"सांगताना ह्यांचा आवाज बरा लागायचा. येरवी बोलत्यात कुठं. आता सा आठवडं झालं, जेव म्हनलं की जेवत्यात, नीज म्हनलं की निजत्यात." त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "मला वाटायचं मी त्यांच्यासाठी ऐकती. त्यांना वाटायचं ते माझ्यासाठी सांगत्यात. चाललं हुतं."

तेवढ्यात आबा हात पुसत आले. मला बघून थबकले, मग खाटेवर बसले.

"आबा, माफ करा."

"कशाची माफी? गोळी तुमी घातली व्हय?" ते क्षीण हसले. मग त्यांनी आपणहून सुरुवात केली, जणू एखादा पिक्चर सांगावा तशी. "बारावीला ऑक्टोबरला बसला, तवा बी नापास झाला. दुपारी काट्यावर मला निकाल सांगाया आला. चाळीस गाड्या हुब्या. मी त्याला काट्यावर हुबा केला. म्हनलो, बघा रे, ही रिकामी गाडी. भरून पाठीवली, रिकामी आली. समदे हसले. त्यो बी हसला, भाऊसाहेब. काट्यावरून उतरला अन् गेला. मला वाटलं घरी गेला."

मी बारा वर्षं त्यांच्याकडून निव्वळ वजन ऐकत आलो. ते फक्त पिक्चरला लावलेलं. माणसाला त्यांनी ते माप लावलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचं कारणही मी विचारलं नव्हतं.

आबांनी माझ्या खिशाकडं बोट दाखवलं. "त्यो पुलाचा पिक्चर. किती जुना?"

"पन्नासेक वर्षांचा असेल."

"अन् तरी सापडला तुमाला त्याच्यात."

"हो."

"मानूस सापडतो का?"

चुलीवर काहीतरी उतू जात होतं. काकू उठल्या नाहीत.

मी म्हणालो, सांगता येत नाही, बघूया. नाव विचारलं. संजय. मोबाईल काढून त्यात आडनाव, बापाचं नाव घातलं. इतके संजय निघाले, की मला घाम फुटला. ट्रॅक्टरवर बसलेले, देवळासमोर हात जोडलेले, गॉगल लावलेले, कडेवर पोरं घेतलेले. आबांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा लावला आणि खाटेवरून उतरून माझ्याशेजारी बसले. दुसऱ्या बाजूला काकू.

"वय किती असेल आता?" मी विचारलं.

"अठरा," आबा म्हणाले. मग थांबून, "म्हंजी आता एकेचाळीस."

मी एकेक चेहरा पुढं करत गेलो.

"ह्यो न्हाई," आबा म्हणायचे. "ह्यो बी न्हाई. पुढं घ्या."

"घाई करू नका," काकू म्हणाल्या. "कान बघा. डाव्या कानाची पाळी चिकटलेली हाय त्याची."

कुणाचाच कान धड दिसत नव्हता. माझी मान अवघडली. अर्धा तास झाला असेल. मग एक माणूस आला, कुठल्याशा गोदामासमोर उभा, हातात वही, डोक्याला टक्कल. बाजूला बघत होता. मी पुढं सरकवणार, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं.

"असं टक्कल पडलं असंल का हो त्याला?"

आबांनी स्वतःच्या डोक्यावरून सावकाश हात फिरवला.

"माझं याच वयात पडलं," ते म्हणाले. "भाऊसाहेब, ह्याला जरा मोठा करा."