वटारच्या पिकअपची नोझले कशी बदलली त्याची हकीकत

शके एकोणीसशें सहा, रक्ताक्षी संवत्सरी, मार्गशीर्षमासी वसई प्रांती मौजे वटार येथे जो संग्राम जाहला, त्याची हकीकत ऐकिली तैशी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही, मीठ मात्र चवीपुरते आहे.

राजमान्य राजश्री भालचंद्रपंत, केळी व फुलबागांचे धनी, यांनी मोती आणि लाखा ही बैलजोडी खाडीकाठचे भातशेतीवाले हरेश्वर यांस विकोन डिझेलची पिकअप खरेदी केली, आणि भर नाक्यावर फर्मान सोडिले की, आजपासोन बैलाचे शेपूट पाहणे आम्हांस वर्ज्य. मग ऐन गुरुवारचे पूजेची फुले दादरी रवाना करावयाचे आदले दिवशी पिकअप काळा धूर ओकू लागली. पहाटे फुले तोडावयाची. तोवर गाडी सज्ज न जाहली तर माल मातीमोल आणि नाक्यावर अब्रूचा पंचनामा.

फवारणीचे पंपाचे तोंड तुंबता सुईने मोकळे करावे, ही विद्या पंतांस बाळपणापासोन अवगत. इंजिनाचे नोझल तरी काय, फवाराच मारते, ऐसी मसलत मनाशी करोन त्यांनी कुटुंब चंद्रकांताबाई यांचे शिवणाचे डब्यातील सुई गुपचूप हस्तगत केली, आणि दोन नोझले काढोन यथेच्छ टोचिली, आणि पूर्ववत बसविली. गाडी पूर्वी धूर तरी ओकीत होती. आता गिअर टाकिताच मान टाकू लागली.

मग चंद्रकांताबाईंचा हुकूम सुटला की, तोरा गुंडाळोन ठेवावा आणि हरेश्वरांची कुमक मागवावी. हरेश्वर तत्काळ बैलांसह हजर जाहले, पिकअपला दोर बांधिला, आणि स्वारी गोखिवऱ्याचे गॅरेजकडे निघाली. स्टिअरिंग धरोन बैसलेले पंत वाटभर दोन शेपट्याच पाहत गेले.

गोखिवऱ्यास थॉमस मिस्त्री, डिझेलविद्येत निष्णात, यांनी इंजिन सुरू करोन एकेका नोझलच्या नळीचा नट सैल केला. ज्याचा नट सैल होताच इंजिनाचा सूर ढासळे, ते नोझल इमानी. ज्याचा सैल करोनही सूर तैसाच, ते फितूर. दोन फितूर निघाली. ती काढोन नोझले पारखावयाचे हातपंपावर चढविता, धुक्याऐसा फवारा पडावा तेथे लहान मुलाचे लाळेऐसी धार गळू लागली.

"काका, ही कोणी कोरली?" थॉमसने विचारिले.

पंतांनी डिझेलातील कचऱ्यावर आरोप ठेविला. तो हरेश्वर टक लावोन पाहत होते, ते म्हणाले, "भालूशेट, मंग टोपीला सुई कोनाची?"

पंतांनी टोपी चाचपिली. कार्यभाग उरकल्यावर सुई तेथेच खोवली होती, ती टोचली. पंतांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, आणि थॉमस मिस्त्री हसता हसता पान्हा टाकोन खाली बैसले. हरेश्वर हसले नाहीत. त्यांनी सुई हलकेच काढोन पंतांचे खिशात घातली, आणि नाक्यावर हा विषय कधी निघणार नाही ऐसे अभय दिधले.

मग नवी नोझले बैसली, नळ्या आवळिल्या, डिझेलात अडकलेली हवा काढिली, आणि किल्ली फिरविताच पिकअप पहिल्या दमात गर्जली. त्या समयी सुटलेला लाखा बैल जवळ येवोन पंतांची मान पूर्वीऐसी चाटू लागला. पंतांचे डोळां पाणी आले. डोळ्यांत धूर गेला, ऐसे त्यांनी जाहीर केले. परंतु नवी नोझले बैसल्यापासोन गाडीस धूर मुळीच नव्हता.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. फुले गुरुवारी दादरी पोहोचली, सुई डब्यात दाखल जाहली, आणि तेव्हापासोन दादरहून परतताना पिकअपमध्ये पेंडीचे एक पोते असते. घरी बैल नाहीत, तरी असते. ते हरेश्वरांचे गोठ्यापाशी उतरते, आणि खासे पंत स्वहस्ते उतरवितात.