मागचं डावं चाक

पोह्यांची बशी हातात घेऊन श्रीधरराव सप्रे फाटकाजवळच्या लाल गाडीकडे वळले, तेव्हाच त्यांच्या पत्नी रजनीताईंनी कपाळाला हात लावला. मुलगी देवश्रीसाठी स्थळ बघायला आलेल्या माणसानं घर बघावं, मुलगा बघावा, फार तर मोरीत पाणी किती वाजता येतं ते विचारावं. श्रीधरराव चाकं बघत. रेल्वेत बत्तीस वर्षं त्यांनी डब्यांची चाकं तपासली होती. माणूस तोंडानं खोटं बोलतो, पत्रिका हवी तशी करून आणतो, पण चाकाला ते जमत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आधीची दोन स्थळं त्यांनी चाकांवरूनच नाकारली होती.

गाडी होती विहंग मुजुमदारची. बसकी, दोन दारांची, जोरात पळण्यासाठीच बनवलेली. इंजिनाचा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर, म्हणून ती रुंद आणि मऊ रबराची. फेब्रुवारीत कंपनीनं विहंगला आठ महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा तो गाडी उज्जैनला माधव नगरच्या घरी आई-वडिलांपाशी ठेवून गेला होता. "रोज थोडी चालवा बाबा, नाहीतर बॅटरी बसेल," एवढंच त्यानं सांगितलं होतं. काल रात्रीच तो परत आला होता, आणि पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन पुण्याला जाणार होता. त्याआधी हे लग्न ठरावं अशी घरात सगळ्यांची इच्छा होती. विहंगची तर फारच होती. दोन महिने तो देवश्रीशी फोनवर बोलत होता आणि आता त्याला दुसरं कुणाशी बोलावंसंच वाटत नव्हतं.

श्रीधररावांनी खाली बसून मागच्या डाव्या टायरवरून तळवा फिरवला. मग उजव्यावरून. मग पुन्हा डाव्यावरून.

"भय्यासाहेब," ते म्हणाले, "हे काय आहे?"

विहंगचे वडील भय्यासाहेब, निवृत्त हेडमास्तर, पायरीवरच थांबले. "काय झालं?"

"डाव्याला टक्कल पडलंय आणि उजव्याचं अजून जावळ काढायचंय! एकाच गाडीची, एकाच दिवशी लावलेली चाकं. असं कसं?"

"उज्जैनचे रस्तेच असे आहेत हो."

"रस्ता काय डाव्या चाकालाच लागतो?"

देवश्री दातांची डॉक्टर होती, फ्रीगंजला तिचा दवाखाना होता. तिनंही वाकून पाहिलं आणि सवयीनं बोलून गेली, "एकाच बाजूनं चावणाऱ्यांचे दात असेच झिजतात. हे एका दिवसाचं काम नाही पप्पा, रोजची सवय आहे कुणाची तरी."

चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत असलेल्या विहंगच्या आई अहल्याबाई हे ऐकून ट्रेसकट आत गेल्या. चहा कुणालाच मिळाला नाही.

"अलाइनमेंट बिघडलं असेल," विहंग म्हणाला. तो अजून निश्चिंत होता.

"असेल तर मशीन सांगेल," श्रीधरराव म्हणाले आणि पोह्यांची बशी पायरीवर ठेवून गाडीत जाऊन बसले.

फ्रीगंजच्या टायरच्या दुकानात तिघं पुरुष पोचले. गाडी मशीनवर चढली, चारही चाकांना आरसे लागले, पडद्यावर आकडे आले आणि सगळेच्या सगळे हिरवे. उस्तादनं दोनदा तपासलं, मग खाली उतरून टायरला नख लावलं आणि विहंगकडे मोठ्या आदरानं पाहिलं.

"भिया, अलाइनमेंट तो एकदम टंच है. ये गाड़ी गोल घूमी है. सीधे हाथ पे, गोल-गोल, महीनों तक. उजवीकडे वळली की सगळा भार डाव्यावर येतो ना साहेब." उस्ताद मराठी गिऱ्हाइकांशी अर्धं मराठीत बोले. "मौत के कुएँ में चलाते हो क्या?"

श्रीधररावांचा चेहरा सिग्नलसारखा लाल झाला. विहंगनं वडिलांकडे पाहिलं. भय्यासाहेब छताच्या पंख्याकडे बघत होते, आणि पंखा बंद होता.

आठ महिने गाडी बाबांकडे होती. बाबा अडुसष्ट वर्षांचे. आयुष्यभर शाळेत शिस्त शिस्त करून थकलेले. आणि आता या वयात मोकळ्या मैदानावर जाऊन गाडी गरगर फिरवून राहिले आहेत! पोरंटोरं मोबाईलवर टाकतात तशी! हे श्रीधररावांसमोर उघडं पडलं तर बाबा माधव नगरमध्ये मान वर करून चालतील का?

"मीच फिरवलीये," विहंग म्हणाला. "जायच्या आधी. मला शौक आहे."

भय्यासाहेबांनी पंखा सोडून मुलाकडे पाहिलं.

"गोल?" श्रीधररावांनी विचारलं.

"गोल."

"रोज?"

"रोज," विहंग म्हणाला. एकदा खोटं बोलायचं ठरवल्यावर तो काटकसर करणारा नव्हता.

घरी परतल्यावर श्रीधरराव उभ्या उभ्याच म्हणाले, "बरंय, आम्ही कळवतो." लग्नाच्या बोलणीत 'आम्ही कळवतो'चा अर्थ सगळ्या उज्जैनला ठाऊक आहे. रजनीताईंनी अहल्याबाईंचा हात क्षणभर धरला आणि सोडला. देवश्री रिक्षात बसताना विहंगकडे वळून बघत राहिली. तिच्या कपाळावर एक आठी होती, दाढ दुखतेय म्हणणाऱ्या पण दाढ न दाखवणाऱ्या पेशंटसमोर पडते तशी.

विहंग खोलीत जाऊन पडला. स्वयंपाकघरात भय्यासाहेब कुजबुजले, "अगं, पोरानं आपल्या अंगावर घेतलं! त्याला वाटतंय, मी स्टंट करतो."

अहल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. करणी त्यांचीच होती. कॉलनीच्या बागेत गणपतीचं छोटं देऊळ आहे आणि देवळाभोवती गोल रस्ता. विहंगचं लग्न ठरावं म्हणून त्या गणपतीला नवस बोलल्या होत्या, की एकशे आठ दिवस, रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालीन. बोलून झाल्यावर त्यांना आपले गुडघे आठवले. डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा बंदी घातली होती. देवाला शब्द दिलेला, मागे कसा घेणार? तेव्हा भय्यासाहेबांनीच तोड काढली होती. "देव रथात बसून फिरतो ना? मग भक्तानं बसलं तर काय बिघडलं? शिवाय बॅटरीही चार्ज होईल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता दोघं चपला घरी ठेवून अनवाणी गाडीत बसत. भय्यासाहेब चालवत, अहल्याबाई माळ ओढत. देव उजव्या हाताला, म्हणजे गाडी सदा उजवीकडे वळलेली. सुरुवातीला ती बैलगाडीसारखी चाले. पण एकशे आठ फेऱ्या म्हणजे काही थोड्या नव्हेत. "अहो, जरा भरभर घ्या, सातच्या आत स्वयंपाक व्हायचाय," असं अहल्याबाई म्हणू लागल्या, आणि भय्यासाहेब घेऊ लागले. महिन्याभरात टायर किंचाळायला लागले. अहल्याबाईंना तो आवाज मंगल वाटे.

"आज एकशे आठावा दिवस," त्या म्हणाल्या. "पुरा व्हायच्या आधी नवस बोलून दाखवला तर गेला. एकशे सात दिवस पाण्यात!"

"आणि नाही बोललीस तर लग्न पाण्यात."

"ज्याच्यासाठी केलं, तेच मोडलं की हो माझ्या हातानं!" अहल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

भय्यासाहेब वर्गात अवघड गणित पडल्यावर हात मागे बांधून फेऱ्या मारत, तशा त्यांनी ओट्यापाशी चार मारल्या. "बोलायचं नाही ना? नको बोलू. दाखवायला कुणी मनाई केलीये?"

त्यांनी श्रीधररावांना फोन लावला. "सप्रेसाहेब, पाच वाजता बागेतल्या गणपतीपाशी या. तुमच्या चाकाचा जवाब मिळेल. फोनवर नाही सांगू शकत. बिल्कुल नाही."

रेल्वेच्या माणसाला अपघाताची चौकशी अर्धवट सोडवत नाही. पाचला दहा कमी असताना श्रीधरराव, रजनीताई आणि देवश्री देवळाच्या कट्ट्यावर हजर होते. विहंगला आईनं नुसतं "चल" म्हणून आणलं होतं.

गाडीची दारं मिटली. पहिल्या दोन फेऱ्या सावकाश झाल्या. तिसरीला भय्यासाहेबांचा हात बसला, आणि लाल गाडी एका कुशीवर कलून, चिर्रर्र आवाज करत देवळाभोवती सुटली. बागेतली कबुतरं उडाली. खिडकीतून भय्यासाहेबांची टोपी आणि अहल्याबाईंचे मिटलेले डोळे दिसत, जात, पुन्हा दिसत.

"हे राम," रजनीताई म्हणाल्या.

"भय्यासाहेब, थांबवा!" श्रीधरराव ओरडले. गाडी थांबली नाही. त्यांनी घड्याळ काढलं, फेऱ्या मोजू लागले, मागच्या डाव्या चाकावर नजर रोखली. विसाव्या फेरीला त्यांना अहल्याबाईंच्या हातातली माळ दिसली. तिसाव्या फेरीला दोघं अनवाणीच गाडीत बसले होते, हे त्यांना आठवलं. चाळिसाव्या फेरीला श्रीधररावांनी गुपचूप आपले बूट काढले आणि हात जोडले. मोजणं मात्र चालूच होतं.

एकशे आठावी फेरी झाली. गाडी थांबली. अहल्याबाई दाराला धरून उतरल्या, देवाकडे बघून त्यांनी नमस्कार केला आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं, गुडघे, नवस, रथ, सगळं. "पोराचं लग्न ठरावं म्हणून फिरले हो," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मीच ते मोडून बसले."

रजनीताई नाक पुसत होत्या. विहंग आईजवळ जाऊन उभा राहिला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"फेऱ्या बरोबर एकशे आठ भरल्या," श्रीधरराव म्हणाले. "चाकाचा हिशोब जुळला." मग त्यांच्या भुवया एकत्र आल्या. "पण मग हा मुलगा सकाळी 'मीच फिरवली' म्हणाला ते? म्हणजे खोटं बोलला! माझ्या तोंडावर!"

"मला वाटलं…" विहंग अडखळला. "मला वाटलं बाबा चोरून स्टंट करतात."

भय्यासाहेबांनी टोपी सरळ केली. "तुला खरंच वाटलं, की मला ते जमेल?"

"हो बाबा."

"खरंच?" भय्यासाहेबांची छाती इतकी फुगली, की त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

"हसण्यावारी नेऊ नका," श्रीधरराव म्हणाले. "आज टायरचं खोटं बोलला, उद्या संसारात बोलेल."

"पप्पा," देवश्री म्हणाली, "तो खोटं बोलतोय हे मला सकाळीच कळलं होतं. जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं चारही टायर नवीन टाकले होते. मला फोनवर तासभर तेच सांगत होता. जायच्या आधी झिजवणार कधी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तो ते कुणासाठी बोलतोय, ते बघत होते." तिनं विहंगकडे पाहिलं. "वडिलांची अब्रू जाऊ नये म्हणून यानं आपलं ठरत आलेलं लग्न सोडून दिलं, पप्पा. आणि तेही किती वाईट खोटं बोलला! असा माणूस पुन्हा कुठे शोधायचा? तुम्ही 'कळवतो' म्हणाला होतात ना? मग कळवा. होकार."

श्रीधररावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण रजनीताईंनी त्यांच्या दंडाला जो चिमटा काढला, त्यात त्यांचं वाक्य राहून गेलं.

अहल्याबाईंनी दोन्ही हातांनी देवश्रीचा चेहरा धरला. त्यांना हसू येत होतं आणि रडूही. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. "ज्याच्यासाठी नवस, त्यानं एक फेरी घालायची असते. जोडीनं. जा दोघं."

देवश्रीनं सॅंडल काढून कट्ट्यावर ठेवल्या. विहंग अनवाणी स्टिअरिंगवर बसला. गाडी निघाली, इतकी हळू, की मागच्या चाकांचा आवाजसुद्धा येत नव्हता. एक फेरी झाली. गाडी थांबायच्या जागेवरून तशीच पुढे गेली. दुसरी झाली, तिसरी झाली. आत देवश्री काहीतरी सांगत होती आणि विहंग समोर बघायचं सोडून तिच्याकडे बघत होता.

"एकच म्हणाल्या होत्या ना वहिनी?" श्रीधररावांनी घड्याळाकडे पाहिलं. "ही चौथी."

"सप्रेसाहेब," भय्यासाहेब त्यांच्या शेजारी कट्ट्यावर टेकत म्हणाले, "आता मोजू नका."

श्रीधररावांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि ते आपले बूट शोधू लागले.