सहावा नमुना

बंकटरावाच्या वाईनरीत परीक्षक आले सकाळी अकराला, आणि सव्वाअकराला त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, त्यांची बादली उचलून गोठ्यात नेऊन ठेवली.

धारूरच्या घाटाखाली नदीच्या दोन्ही अंगांना बांधांच्या पायऱ्या उतरत येतात. अलीकडच्या पायऱ्यांवर बंकटरावाची द्राक्षं आणि सीताफळं, पलीकडच्या पायऱ्यांवर मठाची. मठातले त्रिंबकबुवा गुरुपरंपरेनं द्राक्षासव मुरवत. औषध म्हणून. ते औषध न्यायला थेट आष्टीहून धडधाकट माणसं यायची. मागच्या साली घरगुती पेयांच्या स्पर्धेत बुवांचा पहिला नंबर आला, तेव्हापासून नदीपलीकडून रामराम घालताना त्यांची मान जरा जास्तच ताठ असते, असं बंकटरावाला दिसू लागलं. यंदा नंबर हुकला तर नदीच्या बाजूचं दार विटांनी बुजवायचं, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं.

परीक्षकांनी पहिला पेला उजेडात धरला, हुंगला, घोट तोंडात खळखळवला, डोळे मिटले आणि बादलीत थुंकला.

"कावून थुंकलं ओ?" दारातून मंजुळाबाई म्हणाल्या.

"ताई, पद्धतच आहे तशी. गिळत नाहीत. सकाळी मठातही अकरा नमुने असेच तपासले."

"मठाला लेकीबाळी न्हाईत, त्यांचं चालतंय. पाव्हण्यानं माज्या घरचं थुंकलं म्हनून चार गावांत झालं तर मी तोंड कुटं दावू?"

"अगं, तज्ज्ञ हायेत ते," बंकटराव पुटपुटला.

"तज्ज्ञ हायेत तर गिळता बी येत असंल."

बादली गेली ती अशी. साहेबांनी निमूट गिळलं. दुसऱ्या नमुन्याला बंकटरावानं पेल्याच्या तळाशी दोन घोट ओतले, तर बाईंनी बरणी हिसकावून घेतली. "एवढुसं द्यायला तीर्थ हाय व्हय?" आणि पेला काठोकाठ भरला.

तिसऱ्या पेल्याला साहेबांनी बूट काढले. चौथ्याला बंकटरावाला 'दाजी' म्हणू लागले. पाचवा म्हणजे शेवटचा, सीताफळाचा, ज्याच्यावर बंकटरावाची सगळी भिस्त. तो संपला तेव्हा साहेब बरणीला टेकून एकोणतीसचा पाढा म्हणत होते, आणि पेन कानावर असून खिशात शोधत होते.

बंकटराव बायकोकडं वळला. "बुडीवलंस. आता मार्क कोन देनार, म्हैस?"

"लई घाबरता तुमी," म्हणत बाईंनी तांब्याभर ताक आणलं. जिरं, मीठ, हिंगाची चिमूट.

साहेबांनी सवयीनं तेही उजेडात धरलं, हुंगलं, तोंडात फिरवलं. मग तांब्या रिकामा केला, पेन सापडलं, आणि ते भराभरा लिहू लागले. बंकटराव "साहेब, हे तर..." म्हणेपर्यंत कागद घडी होऊन खिशात गेला आणि साहेब सीताफळाच्या सावलीत घोरू लागले. त्यांच्या ड्रायव्हरनं त्यांना दिवेलागणीला उचलून नेलं.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. बंकटरावानं ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं, "वीस वर्षांत प्रथमच असं ठिकाण पाहिलं, जिथला पहिल्यानंतर एकही घोट टाकावा लागला नाही. प्रथम क्रमांक, नमुना सहावा. अंगानं मखमली, शेवटी हिंगाची आठवण रेंगाळते."

वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. "आपले तर पाचच होते की."

"सहावा माजा," मंजुळाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

सीताफळाच्या वाईनचं नाव कागदात कुठंच नव्हतं.  तरी बंकटरावानं पाकिटातलं प्रमाणपत्र फ्रेम केलं आणि नदीच्या दाराबाहेर ठोकलं, तोंड मठाकडे. ठोकताना छाती मात्र दोन इंच वाढली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "आमच्या घरचा नंबर."

तिसऱ्या दिवशी त्रिंबकबुवा धोतर खोचून नदी ओलांडून आले. उपरण्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यांनी हळूच लोटी बाहेर काढली.

"मंजुळाबाई, वाटीभर विरजण मिळंल का? औषधासाठी."

बाईंनी विरजण आणायच्या आधी ताकाचा भरला पेला बुवांपुढं ठेवला.

"देते की, म्हाराज. पन आधी हे घ्या. आन् आमच्याकडं गिळायची पद्धत हाय."