तक्रार क्रमांक एक

वाटीत जपून ठेवलेला एक स्क्रू.

सव्वीस वर्षांत भरलेल्या नऊ जाड वह्या.

दारावर चिकटवलेला कागद: "आमचं मशीन चांगलं आहे. कृपया परत जावे."

रुमालात गुंडाळून ड्रॉवरच्या तळाशी ठेवलेला फोन.

ओल्या चादरीचं एक टोक बायकोच्या हातात, दुसरं नवऱ्याच्या.

हे सगळं एकाच पंधरवड्यात समोर आलं आणि एकाच माणसाचं. या माणसाला सगळे नाना म्हणत. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत सहा मेकॅनिक होते, एक टेलिफोन होता आणि नाना होते. टेलिफोन वाजला की नाना तक्रार वहीत उतरवून घेत. सकाळी मेकॅनिक वहीभोवती गोळा होत, नाना ज्याला जे घर देतील ते घेऊन नऊच्या ठोक्याला बाहेर पडत. कोणत्या घरच्या मशीनचा पाइप गळका, कोणत्या घरचा कुत्रा पँट धरतो, सगळं वहीत होतं. वहीत नसलेलं नानांच्या डोक्यात होतं.

मालकांच्या जावयाला हे बघवेना. त्याने एक योजना आखली. तक्रारींचा सगळा साठा मोबाइलमध्ये घालायचा आणि प्रत्येक मेकॅनिकला एकेक फोन द्यायचा, एक ऑफिसात ठेवायचा. मशीनं असतात तळघरात नाहीतर मोरीत, तिथे रेंज कुठली, म्हणून प्रत्येक फोनमध्ये संपूर्ण साठा ठेवायचा. रेंज आली की फोन आपापसात ताळा करणार. एकाकडे असलेली तक्रार दुसऱ्याकडे नसेल, तर दुसरा ती नवी समजून उतरवून घेणार. जावयाने फळ्यावर चौकोन काढून, बाणांनी जोडून हे समजावलं.

"म्हणजे माझी एक वही जाऊन सात वह्या येणार," नाना म्हणाले, "आणि त्या दिवसभर एकमेकींच्या कानाला लागणार."

मालकांनी पंधरा दिवसांची चाचणी ठरवली. योजना चालली तर वह्या माळ्यावर जाणार होत्या. नानांचं काय, हे कोणी बोललं नाही, पण वह्यांवाचून नाना म्हणजे टेलिफोनवाचून खुर्ची, हे नानांनाही कळत होतं. सातवा फोन त्यांना मिळाला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, रुमालात बांधला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

पहिल्याच सोमवारी दुपारी घरून बायकोचा फोन आला. "अहो, आपलं मशीन बिघडलंय, हे मला सांगायचं तरी."

मशीन बिघडलेलं नव्हतं. तरी दहा वाजता एक मेकॅनिक हजर झाला होता. ड्रम फिरत नाही अशी तक्रार त्याच्या फोनवर आली होती, पत्ता नानांचाच. ड्रम फिरतोय हे दिसत असूनही त्याने मशीन उघडलं, पुसलं, बंद केलं आणि तिची सही घेऊन गेला.

नाना तडक जावयाच्या टेबलाशी गेले. माझ्या घराची काय प्रयोगशाळा समजलात, असं त्यांनी विचारलं. जावई ओशाळला. चाचणीसाठी एक नमुन्याची तक्रार घातली होती, ती चुकून खरी धरली गेली, आत्ता पुसतो, म्हणाला.

"पण माझा पत्ता घातलात कुणाला विचारून?"

"नाना, त्या दिवशी बैठकीत तुम्ही..."

"बैठकीचं नाव काढू नका. तुमच्या बैठकांमुळेच ही वेळ आलीये."

जावयाने संध्याकाळी सहाही मेकॅनिकांचे फोन गोळा केले आणि सहाही फोनांतून तक्रार क्रमांक एक पुसली. सातवा मागितला, तेव्हा तो कायम बंदच असतो, मी त्याला हातसुद्धा लावत नाही, असं नानांनी ठणकावून सांगितलं.

मंगळवारी दहा वाजता दुसरा मेकॅनिक आला. चांगल्या मशीनची दोनदा तक्रार कोण करेल, म्हणजे दोष आत दडलेला असणार, असा त्याने सरळ विचार केला आणि चांगला पट्टा काढून नवा घातला. संध्याकाळी जावयाने पुन्हा सगळीकडून तक्रार पुसली. बुधवारी दोघे आले, कारण तिसऱ्यांदा आलेल्या तक्रारीवर फोन आपणहून लाल शिक्का मारत असे: संतापलेला ग्राहक, अनुभवी माणूस पाठवा. अनुभवी माणूस म्हणजे थोरला मेकॅनिक. वीस वर्षं नानांच्या हाताखाली काढलेला. तो दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, मला ठाऊक आहे मशीन चांगलं आहे. पण न बघता गेलो, तर फोन मला सोडत नाही."

गुरुवारी बायकोने दारावर कागद लावला. त्या दिवशीच्या मेकॅनिकने कागदाचा फोटो काढला, तक्रारीला जोडला, खाली "ग्राहक सहकार्य करत नाही" असं लिहिलं आणि बेल वाजवली.

नाना पेटले होते. प्रत्येक स्वारीची नोंद ते वहीत लाल शाईने करत होते. कोण आला, काय उघडलं, आणि मेकॅनिकच्या फोनवर तक्रार नेमकी किती वाजता उगवली, तेसुद्धा त्याच्याकडून वदवून घेत. पंधराव्या दिवशी मालकांपुढे हा पुरावा ठेवायचा, आणि योजनेचं तिथेच विसर्जन.

आठव्या दिवशी जावयाला उपाय सापडला. तक्रार पुसली जात नाही ना, मग त्या पत्त्यावर कोणालाच पाठवायचं नाही, अशी सूचना त्याने फोनांना देऊन टाकली. मेकॅनिक यायचे थांबले. नवव्या दिवशी मशीन बंद पडलं.

इतक्यांदा उघडून मिटल्यावर दुसरं काय होणार. मशीनखाली बायकोला एक स्क्रू सापडला. तिने तो वाटीत ठेवला आणि रीतसर ऑफिसात फोन केला. नानांनी तक्रार स्वतःच्या हाताने वहीत लिहिली. पण वहीत आता कोणी बघत नव्हतं, आणि फोनांच्या लेखी तो पत्ता जगात उरला नव्हता. जावयाला जाऊन विनवायचं, तर नानांच्या ताठ मानेला ते परवडणारं नव्हतं. मशीन पिळत नव्हतं, म्हणून नाना पिळू लागले. चादरीचं आपलं टोक घट्ट धरायला बायको सांगायची. "तुमच्या कंपनीचा माणूस कधी येणार?" असंही विचारायची, अगदी परक्यासारखं.

पंधराव्या दिवशी मालकांच्या खोलीत सगळे जमले. नाना वही घेऊन उभे राहिले आणि आरोपपत्र वाचावं तसं वाचू लागले. "सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, तक्रार क्रमांक एक. पुसली. मंगळवार, नऊ अकरा, तीच तक्रार. पुसली. बुधवार, नऊ दहा. गुरुवार, नऊ दहा. ही यांची योजना. मेलेली तक्रार रोज उठून बसते, आणि तीही घड्याळ लावून."

जावयाने मान वर केली. "नाना, परत वाचा. फक्त वेळा."

नानांनी मोठ्या समाधानाने परत वाचल्या.

"नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑफिसात काय असतं?" मालकांनी विचारलं.

"काही नाही," थोरला मेकॅनिक म्हणाला. "आम्ही नऊला निघतो. तेव्हा ऑफिसात फक्त नाना असतात." बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली.

जावयाने हळूच विचारलं, "सातवा फोन कुठाय?"

ड्रॉवर उघडला. रुमालाची गाठ सुटली. फोन बंद होता, पण चालू करून पाहिला तर पंचाण्णव टक्के चार्ज झालेला निघाला.

"हा तर तुम्ही वापरतच नाही ना?" मालक म्हणाले.

"वापरत नाही. सकाळी दोन मिनिटं चालू करतो फक्त."

"कशाला?"

नानांनी वहीची कड सरळ केली. "बंद पडलाय का, ते बघायला."

सहा फोनांतून पुसलेली तक्रार सातव्यात सुखरूप होती. नाना रोज तो दोन मिनिटं चालू करत आणि तेवढ्यात बाकीचे सहा फोन ती नवी समजून उतरवून घेत. हसू दाबायला थोरला मेकॅनिक खिडकीबाहेर बघू लागला. नाना वही मिटून खाली बसले. माळ्यावर जाण्याच्या तयारीने.

पण हसला नाही तो जावई. तो बराच वेळ फळ्याकडे बघत होता. असलेलं एका फोनमधून दुसऱ्यात जातं, पण पुसलेलं कसं जाणार, याचा चौकोन त्याने काढलाच नव्हता. या वेळा कोणी लिहून ठेवल्या नसत्या तर हे वर्षभर कळलं नसतं, हे त्याने मालकांना स्वतःहून सांगितलं. मग ठरलं असं: फोन चालू राहतील, आणि जी तक्रार पुसायची ती आधी वहीत लिहायची, नानांची सही झाल्यावरच पुसायची. म्हणजे योजना पास झाली आणि वहीसुद्धा टेबलावरच राहिली.

नानांनी दहावी वही उघडली आणि पहिल्या पानावर स्वतःचा पत्ता लिहिला. संध्याकाळी थोरला मेकॅनिक घरी आला, वाटीतला स्क्रू उचलला आणि जिथला तिथे बसवला. ड्रम फिरू लागला. वहिनींनी सही कुठे करायची, ते विचारलं.

नमुन्यासाठी कोणाचा पत्ता घालू, असं जावयाने पहिल्या बैठकीत विचारलं होतं, तेव्हा कोणीच बोललं नव्हतं. वहीतून मान वर न करता नाना म्हणाले होते, "माझा घाला. आमचं मशीन कधी बिघडत नाही."