साठ माणसांची पंगत आणि लहान कॅसेट

घरोघरी व्हिडिओ आला आणि लहान कॅसेटवाले नि मोठ्या कॅसेटवाले एकमेकांच्या जिवावर उठले, त्या वर्षी कुठल्या कॅसेटीत राहायला जायचं हे सिनेमांनाच विचारायचं, असा नियम झाला. एकदा आत गेलं की बिऱ्हाड हलवता येत नसे. म्हणून सिनेमे आपल्या माणसांसकट, भांड्याकुंड्यांसकट स्टुडिओच्या आवारात येत, दोन्ही कॅसेटी बघत आणि संध्याकाळी पाचच्या आत अर्ज भरून देत.

कोल्हापूरच्या चंदनवेल चित्रसंस्थेत हे अर्ज गोदाक्का चिपरे घेत. अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. पण शिकलेल्या लोकांनी नियमांचं पुस्तक कपाटात ठेवलं होतं आणि अक्कांनी ते वाचलं होतं.

त्या मंगळवारी ‘बेळंकीचा जावई’ आला. दोन तास नऊ मिनिटांचा सिनेमा. लहान कॅसेटीत दोनच तास मावत, पण चित्र असं लख्ख की नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा. मोठीत तीन तासांची ऐसपैस जागा, फक्त माणसं जरा धुवट दिसत. मालक तात्यासाहेबांचा जीव लहानीवर जडला होता.

“नऊ मिनिटांचाच तर प्रश्न आहे,” लहान कॅसेट कंपनीचे प्रतिनिधी हळबे टाय सारखा करत म्हणाले. “लग्नातली पंगत काढून टाका. गोष्टीला धक्का लागत नाही.”

“आणि पंगतीतली साठ माणसं?”

“ती बाहेर राहतील.”

“बाहेर म्हणजे कुठं? तुमच्या घरी?”

हळबे हसले. अक्का हसल्या नाहीत. गेल्या महिन्यात एका सिनेमातले दोन हवालदार असेच बाहेर राहिले होते. ते अजून आवारात चोर शोधत फिरत, आणि अक्कांना आतापर्यंत चार वेळा अटक झाली होती. त्यात ही साठ माणसं. त्यांना निजवायचं कुठं? आणि मुळात त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

“नियमात बसतं,” तात्यासाहेब म्हणाले.

“बसतं की. पण बाहेर राहणाऱ्या प्रत्येकाची त्याच्याच हातची सही लागती. घ्या जावा.”

हळबे साठ अर्ज घेऊन आवारात गेले. पंगत रंगात आली होती. मसालेभात झाला होता, जिलबी फिरत होती.

“जरा सही करता का?” त्यांनी पहिल्याच फेटेवाल्याला विचारलं.

त्यानं मठ्ठ्यानं माखलेला हात वर केला. “उष्ट्या हातानं सही करू व्हय? काय रीतभात हाय का न्हाई पाव्हणं?”

“मग हात धुऊन या.”

“आणि पंगत मोडू? शेजारचा जेवतोय न्हवं!”

सगळी पंगत हळब्यांकडे बघू लागली. ते कचेरीत परत आले.

“जेवण कधी आटोपतं यांचं?”

“चार वर्षं झाली बसल्यात,” अक्का म्हणाल्या. “जिलबीपातूर येतं, की पुन्हा पहिल्यापासनं मीठ वाढत्यात. सिनेमाच हाय तो.”

“मी थांबतो.”

“थांबा. पण उभं राहू नका तिथं. वाढप्याच्या पायात येतासा.”

म्हणून हळबे पंगतीच्या कडेला टेकले. टेकलेल्या माणसापुढं पान मांडायचं नाही, असं बेळंकीत कधी झालेलं नाही. पान आलं. नको नको म्हणता भात आला. वाढपी म्हणाला, “लाजता काय? मुलीकडचं का मुलाकडचं?” हळब्यांनी घड्याळ बघितलं, पान बघितलं, टाय खांद्यावर टाकला आणि भात कालवला.

पाच वाजले. एकही सही नव्हती, तेव्हा नियमाप्रमाणे सगळ्यांना सामावून घेईल त्याच कॅसेटीत सिनेमा जायचा.

“अहो पण हळबे!” तात्यासाहेब ओरडले. “त्यांना तरी उठवा!”

“जेवत्या माणसाला ताटावरनं उठवायचं पाप मी करायची न्हाई. तुम्ही मालक हायसा, तुम्ही उठवा.”

तात्यासाहेब दोन पावलं गेले आणि परत फिरले. अक्कांनी ‘पंगत: एकसष्ट’ अशी नोंद केली, आणि ‘बेळंकीचा जावई’ वाजतगाजत मोठ्या कॅसेटीत राहायला गेला.

पंधरवड्यानं हळब्यांची बायको आली. बाई हसतमुख होती.

“कॅसेट बघितली हो अक्का. तिसऱ्या रांगेत बसलेत. घरी वांग्याला हात लावत नव्हते. तिथं दोनदा मागून घेतात! धुवट दिसतात, पण अंगानं भरलेत.”

“जेवण चांगलंच हाय तिथलं.”

बाई थोडी घुटमळली. “शेजारी एखादं पान मांडता येईल का?”

अक्कांनी मनाशी हिशेब केला. कॅसेटीत अजून एक्कावन्न मिनिटांची जागा मोकळी होती.

“या की उद्या,” त्या म्हणाल्या. “फक्त लुगडं जरा ठेवणीतलं नेसा. लग्नाला जायचंय.”