डाव्या कानाचा पंचनामा

जनतेचं म्हणणं ऐकून घेणं हा लोकशाहीचा पाया आहे. पाया जमिनीखाली असतो, तेव्हा तो दिसत नाही अशी तक्रार कुणी करू नये. तरी लोक करतात. अशांसाठी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कार्यालयात दर सोमवारी अकरा ते दोन सुनावणी कक्ष भरतो. (तालुक्याचं नाव सांगण्याची गरज नाही. कक्षाच्या भिंती खालून निम्म्या हिरव्या आहेत, एवढी खूण कुठल्याही तालुक्याला पुरते.)

कक्षाचे प्रमुख शहादेव साहेब त्या खुर्चीवर अकरा वर्षं होते. माणूस सज्जन. त्यांनी कुणाचा चहा घेतला नाही आणि कुणाचं काम केलं नाही, दोन्हीकडून स्वच्छ. एका सोमवारी सरासरी सदतीस अर्जदार येत, त्यातले एकोणतीस मागच्या सोमवारचेच असत. दुपारी बारापासून साहेबांची कानशिलं ठणकायला लागत. डॉक्टरांनी सांगितलं, "आवाज कमी करा." डॉक्टरांच्या मनात घरचा टीव्ही होता. साहेबांनी सल्ला शासकीय कामाला लागू केला आणि ते स्टँडसमोरच्या ख्वाजाभाईंच्या मोबाईलच्या दुकानात गेले.

ख्वाजाभाईंनी पांढरी डबी उघडून इअरबड्सची जोडी समोर ठेवली. "साहेब, हे कानात घातलं की पंखा बंद, जनरेटर बंद, यष्टी बंद. पण मी खोटं बोलणार न्हाई. माणसाचा आवाज थोडा येतोच."

साहेबांचा हिरमोड झाला. पंख्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पंख्यानं अकरा वर्षांत त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"मग माणसासाठी काय हाय?"

"माणसासाठी वरून काहीतरी लावायचं. गाणं लावा, न्हाई तर वाहतं पाणी लावा. आठ-आठ घंट्याचं पाणी मिळतं मोबाईलवर. लई गार वाटतं."

साहेब उतावळे नव्हते. त्यांनी जोडी चार दिवस वापरून रीतसर टिपणी तयार केली. रबरी टोपण मोठं बसवलं तर जग चांगलं बंद होतं, पण कानात खाज सुटते; लहान बसवलं तर खाज नाही, पण अर्जदार आत येतात. (मोठं कायम करण्यात आलं.) कान बंद असताना शेंगदाणे खाल्ले तर आपल्याच डोक्यात कुणीतरी खडीवरून चालल्यासारखं वाटतं, सबब शेंगदाण्यांचा त्याग. चार्जिंग पाच तास टिकतं. सुनावणी तीन तासांची, म्हणजे शासनाचं नुकसान नाही. मोकळ्या वाऱ्यात आत घोंगावतं, तेव्हा पाण्याचा आवाज वाढवावा. बोटानं टिचकी मारली की बाहेरचं ऐकू येण्याची सोय आहे, शेरा: "आवश्यकता नाही." डावा बड जरा सैल बसतो. अर्जदारांची रांग डावीकडे असल्यानं अकरा वर्षांच्या वापरात त्या कानाचं भोक झिजलं असावं, असं साहेबांचं मत पडलं.

पुढच्या सोमवारी यंत्रणा कार्यान्वित झाली. समोर माणूस उभा राही, त्याचे ओठ हलत, साहेबांच्या कानात झरा खळखळे. ओठ मिटले की साहेब मान हलवत आणि अर्जावर लिहीत, "ऐकले. पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित." टँकर आला नाही म्हणून आलेल्यांचं म्हणणंही त्यांनी वाहत्या पाण्यातच ऐकलं. सदतीसवरून सोमवारच्या सुनावण्यांची संख्या चौसष्टवर गेली. मधे कुणी टोकेना, त्यामुळे माणसं आपोआप लवकर थांबू लागली.

लोकांना साहेबांच्या कानातलं दिसत होतं. पण रांगेत बातमी पसरली ती अशी की, आपलं ऐकून ऐकून साहेबांचे कान गेले, तरी माणसानं खुर्ची सोडली नाही, यंत्र लावून ऐकतोय. बायका हळहळल्या. पुरुषांनी आवाज चढवला. "आजवर लई साहेब बगितले," लोक बाहेर येऊन सांगत, "पर असं समदं ऐकून घेणारा न्हाई. एका शब्दानं टोकलं न्हाई."

त्या रांगेत पारूबाई होत्या. तेलगाव रस्त्यावरून आत एक वस्ती आहे, तिथून त्या दर सोमवारी एस.टी.नं येत. साठी उलटलेल्या, आवाज मुळातच बारीक.

"साहेब, आमच्या वाटंवर इजेची तार खाली आलीया. आदी उभ्या माणसाला लागत नव्हती. आता डोईवर हंडा आसला की बसून सरकावं लागतंय. त्याच वाटनं लेकरं शाळंला जात्यात."

झरा खळखळला. साहेबांनी मान हलवली. पाचव्या सोमवारी पारूबाईंनी तार कुठवर आली ते दाखवायला हात कपाळाला लावला. साहेबांना वाटलं सलाम आहे. त्यांनीही केला.

महिन्याला दोन स्थळपाहण्या करण्याचं उद्दिष्ट असतं. त्या महिन्यात एक कमी पडत होती आणि पारूबाईंचा अर्ज गठ्ठ्यात सर्वांत वर होता. साहेब ड्रायव्हर हरिबाला घेऊन वस्तीवर पोहोचले. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मधून पायवाट, वारं सुटलेलं. टिपणीत म्हटल्याप्रमाणे कानात घोंगावू लागलं, म्हणून साहेबांनी पाणी वाढवलं आणि ते झपाझपा पुढे निघाले. वस्तीची माणसं मागून येत होती.

पहिल्यांदा हरिबाच्या लक्षात आलं. "साहेब, थांबा."

साहेब चालत राहिले.

"साहेब, तार हाय म्होरं," पारूबाईंचे शेजारी आसाराम ओरडले. मग सगळेच ओरडले. एकोणीस माणसं एका वेळी ओरडत होती. मागे गलका आहे एवढं साहेबांना जाणवलं, आणि लोक काहीतरी सांगत असतील म्हणून त्यांनी न वळता मान हलवली. तार बरोबर त्यांच्या कपाळाच्या रेषेत होती. अंतर चार पावलं, मग तीन, मग दोन.

पारूबाई धावल्या. या वयात आपण धावू शकतो हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मागून साहेबांची कॉलर धरली आणि सगळा भार टाकून ओढलं. साहेब उताणे उसाच्या सरीत पडले. डावा बड उडाला.

पडल्या पडल्या साहेबांच्या डाव्या कानात पहिल्यांदा बाहेरचं काहीतरी शिरलं. वरून एक बारीक, सलग गुणगुण येत होती. यंत्र बिघडलं, असं त्यांना वाटलं आणि ते खरोखर घाबरले. मग कान चाचपला. यंत्र जागेवर नव्हतंच.

शोध सुरू झाला. पण बड तारेच्या बाजूला उडाला होता, तिथं जायला कुणी तयार होईना. साहेबांनी वीज कंपनीच्या साहेबांना स्वतः फोन लावला. अकरा मिनिटांत त्या लाईनचा पुरवठा बंद करण्यात आला. मग एकोणीस माणसं, एक ड्रायव्हर आणि खुद्द साहेब, अशा एकवीस जणांनी दोन तास गुडघ्यांवर बसून ऊस पालथा घातला. शेवटी आसारामांना तो सापडला, म्हणजे त्यांच्या टाचेखाली सापडला. जागेवर पंचनामा झाला: "डावा, एक नग, रंग पांढरा, अवस्था मुकी." सह्या झाल्या, अंगठे झाले. साहेबांनी काम संपल्याचं कळवलं, पुरवठा पुन्हा सुरू झाला, आणि जीप निघून गेली.

चौथ्या दिवशी पारूबाईंना नोटीस आली. शासकीय पाहणीत अडथळा, अधिकाऱ्याच्या अंगाला हात, उपकरणाची हानी. खुलासा सादर करावा. सुनावणी साहेबांसमोरच ठेवली होती. (फिर्यादीनं स्वतःच सुनावणी घेऊ नये असा नियम शोधण्यात आला. शोधण्याचं काम साहेबांकडेच असल्यानं तो सापडला नाही.)

त्या सोमवारी साहेबांच्या उजव्या कानात झरा होता आणि डावा कान उघडा. पारूबाई नेहमीसारख्या डावीकडे उभ्या राहिल्या. इतक्या आठवड्यांत साहेबांनी त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

"साहेब, यंत्र नीट झालं का? मला लई वाईट वाटलं बगा. मी जोरात वढलं. आता तुमाला आमचं कसं ऐकू यायचं?"

साहेबांचं पेन थांबलं. अशी वेळ त्यांच्यावर या खुर्चीत कधी आली नव्हती आणि ती आवडलीही नाही. ते उठले, त्यांनी खुर्ची फिरवली आणि उजवा कान रांगेकडे करून बसले. मग शांतपणे लिहिलं, "वयाचा विचार करून, समज देऊन प्रकरण निकाली." पारूबाईंना आणखी काही बोलायचं होतं, पण पुढचा नंबर पुकारला गेला होता.

साहेबांच्या निकाली प्रकरणांची टक्केवारी वरच्यांच्या नजरेत भरली. शेजारच्या दोन कार्यालयांतून अभ्यासाला माणसं येऊन गेली. ख्वाजाभाईंचा माल आठवड्यात संपला, आणि ते प्रामाणिकपणे प्रत्येकाला सांगत राहिले, "माणसाचा आवाज थोडा येतोच."

ही हकिगत पुढे वडवणीच्या बाजारात, धारूरला, तेलगावच्या हॉटेलात, जिथं जिथं सांगितली गेली, तिथं लोकांनी आवडीनं ऐकली आणि प्रश्नही विचारले. कार्यालयातल्या कनिष्ठ लिपिक यशोधराताईंनी त्यांची मोजदाद ठेवली आहे. एकूण प्रश्न एकशे बारा. चार्जिंग खरंच पाच तास टिकतं का, हे विचारणारे एकसष्ट. फक्त डावा बड सुटा मिळेल का, अडतीस. साहेबांची कॉलर फाटली का, बारा. पारूबाईंना साडीचोळी तरी मिळाली का, असं विचारणारा एक. तो माणूस हळवा निघाला.

तार आहे तिथंच आहे. आता ती छातीपर्यंत आली आहे. पुरवठा पुन्हा सुरू झाल्याचं वाक्य वर स्पष्ट लिहिलं होतं. आपण ते वाचलंत, आणि आपल्याला जीपबरोबर पुढे जायचं होतं.